संवादकौशल्याचा क्लास लावावा की विद्यापीठात जनसंवाद शिकावा?

आपण परभणी जिल्ह्यातले, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. संवादकौशल्याचा खासगी क्लास लावावा की विद्यापीठात जनसंवाद या विषयात एम.ए. करावे, ही पहिली. संवादाचे सिद्धांत मांडणाऱ्या शॅनन, लासवेल यांच्या आकृत्या पाठ करून कोणाला बोलता येते का, ही दुसरी. आणि ‘करायलो, जायलो’ असे बोलणाऱ्या, इंग्रजी कच्चे असलेल्या मुलाचा या क्षेत्रात निभाव लागेल का, ही तिसरी. मी नांदेडच्या विद्यापीठात हा विषय शिकलो आणि पुढे शेतीविषयक माहिती गावोगावी पोहोचवण्याच्या कामात पडलो. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर मी अधिक लिहीन. बाकीच्या दोहोंची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात.

क्लासला नावे ठेवण्याचे कारण नाही. चारचौघांत उभे राहण्याचा ज्याला सराव नाही, त्याला तिथे सभाधीटपणा येतो, मुलाखतीची रंगीत तालीम होते आणि आवाज कुठे चढवावा, कुठे थांबावे हे कळते. मात्र तिथले सगळे लक्ष बोलणाऱ्यावर असते. विद्यापीठात हा विषय नीट शिकवला गेला, तर लक्ष ऐकणाऱ्याकडे वळते: त्याला आधीपासून काय माहीत आहे, तो कोणावर विश्वास ठेवतो, आपले म्हणणे त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने गेले आणि पोहोचले तेव्हा त्याचे काय झाले. माहितीपत्रकात हा फरक कोणी लिहीत नाही, पण निवड करताना तोच पाहावा असे माझे मत आहे.

क्लासमध्ये पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले जाणारे एक सूत्र घ्या: संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 टक्के आणि देहबोलीचा 55 टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या नावावर आहेत आणि 1967 साली प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांतून ते जुळवलेले आहेत. त्या प्रयोगांत श्रोत्यांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. एकात तर ‘कदाचित’ अशा अर्थाचा एकच शब्द आणि त्याच्या जोडीला चेहऱ्याची छायाचित्रे होती. प्रश्न इतकाच होता की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, हे श्रोता कशावरून ठरवतो. शब्द एक सांगत असतील आणि सूर किंवा चेहरा दुसरेच सांगत असेल, तर आपण चेहऱ्यावर अधिक विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा निष्कर्ष आहे. हे आकडे सरसकट लावू नयेत, असे मेहराबियन यांनी स्वतःही स्पष्ट केले आहे. कापसावर कोणते औषध किती पाण्यात मिसळायचे हे सांगताना शब्दांचा वाटा 7 टक्के असता, तर निव्वळ हातवाऱ्यांवर फवारणी झाली असती. सिद्धांत शिकलेला विद्यार्थी असे सूत्र समोर आले की ते कोणी, कोणत्या प्रसंगी, कशावरून काढले हे विचारतो. ही सवय लागली तरी पदवीचा निम्मा खर्च वसूल झाला असे मी समजतो.

आता आकृत्यांविषयी. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली आपला सिद्धांत मांडला तो बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत, तारांमधून संदेश पाठवण्याच्या अभियांत्रिकी प्रश्नावर, आणि संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाचा संबंध नाही, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले होते. 1949 साली वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह तो पुस्तकरूपाने आला आणि माणसामाणसांतल्या संवादाला लावला जाऊ लागला. आपल्याकडे गाईडमधून अभ्यास करणारा विद्यार्थी चौकटी काढतो, बाण दाखवतो, संदेशाच्या वाटेतल्या अडथळ्याविषयी ‘नॉईज म्हणजे वर्गातील पंख्याचा आवाज’ असे लिहितो आणि दहापैकी सहा गुण घेऊन मोकळा होतो. खरी कामाची कल्पना त्याच्या हातून निसटते. संदेशात गरजेपेक्षा जास्त भरलेला, पुनरुक्तीचा भाग असतो, आणि वाटेत काही गळले तरी अर्थ वाचतो तो त्या भागामुळे, हे शॅनन यांनी गणिताने दाखवले. परभणी जंक्शनवर एकाच गाडीची सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पुन्हा पुन्हा का होते आणि गर्दीतही ती का समजते, हे यावरून सांगता येते. त्याचबरोबर, लेखी सूचनेत तीच पुनरुक्ती वाचकाला का कंटाळवाणी होते, हेही. लासवेल यांचे 1948 चे ‘कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला, कोणत्या परिणामासह’ हे सूत्र पाठ करायला पाच मिनिटे लागतात, त्यावर अधिक वेळ घालवू नये.

विल्बर श्रॅम यांनी 1954 साली मांडलेली अनुभवक्षेत्राची कल्पना मात्र माझ्या कामात रोज उपयोगी पडते. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या अनुभवांची वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात, तेवढ्याच भागात संदेश पोहोचतो. सोयाबीनच्या पेरणीचे एक नेहमीचे पत्रक डोळ्यांसमोर आणा. त्यात लिहिलेले असते: ‘75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर पेरणी करावी, हेक्टरी 75 किलो बियाणे वापरावे, बियाणे 3 ते 4 सेंमी खोलीवर पडेल याची दक्षता घ्यावी, उगवणक्षमता किमान 70 टक्के असावी.’ यातील एकही वाक्य चुकीचे नाही. पण आपल्या भागातला शेतकरी एकरात मोजतो, एकरी किती बॅगा लागतील असे विचारतो आणि पाऊस मिलिमीटरमध्ये न मोजता शेतात जाऊन वीतभर ओल गेली का ते उकरून पाहतो. तेव्हा ‘एकरी 30 किलो’ असे लिहिले पाहिजे, ओलीची खूण सांगितली पाहिजे, आणि 70 टक्क्यांची गोष्ट तर कागदावर सांगायचीच नसते. ओले गोणपाट अंथरून त्यावर दहा-दहाच्या रांगांत शंभर दाणे ठेवायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि आठवड्याच्या आत ती उलगडून मोड आलेले दाणे त्या शेतकऱ्यालाच मोजायला लावायचे. बासष्ट दाणे उगवले असे त्याने स्वतः मोजले की बियाण्याचे प्रमाण वाढवायचे की बियाणे बदलायचे, ही चर्चा तो स्वतःच सुरू करतो. पत्रक लिहिणाऱ्याला शेतीचे ज्ञान कमी नव्हते. आपले माप वाचकाचेही माप आहे, हे त्याने गृहीत धरले होते, आणि असे गृहीतक ओळखायला आणि तपासायला हा विषय शिकवतो.

एक प्रयोग आमच्या वर्गात करून घेतला होता, तो आपल्याला मित्रांमध्येही करता येईल. एकाने वर्गाकडे पाठ करून बसायचे आणि हातातल्या कागदावरील सहा आयतांची रचना केवळ शब्दांनी सांगायची. बाकीच्यांनी ऐकून ती काढायची, प्रश्न विचारायचा नाही, हुंकारही द्यायचा नाही. दुसऱ्या फेरीत तोंड वर्गाकडे करायचे आणि हवे तितके प्रश्न विचारू द्यायचे. हॅरल्ड लेविट आणि रोनाल्ड म्यूलर यांनी 1951 साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता: फीडबॅक मिळाला की वेळ जास्त लागतो, पण आकृती अधिक अचूक येते आणि आपल्याला बरोबर समजले आहे हा ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो. आमच्या वर्गात पहिल्या फेरीच्या वेळी सांगणारी मुलगी उत्तम वक्ती होती, वक्तृत्व स्पर्धांची बक्षिसे तिच्या नावावर होती. तरीही ‘त्याच्या कोपऱ्याला लागून तिरपा’ या तिच्या शब्दांवर निम्म्या वर्गाने डावा कोपरा धरला आणि निम्म्याने उजवा. दुसऱ्या फेरीत मागच्या बाकावरून ‘कोणचा कोपरा गं?’ असा एक प्रश्न आला आणि सगळे कागद सारखे झाले.

याच तत्त्वाचा मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि तो अभ्यासक्रमात एका परिच्छेदात उरकला जातो, याची मला खंत वाटते. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवीत. तुलनेसाठी काही गावे अशी घेतली होती की जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काही अशी की जिथे दोन्ही नव्हते. मंडळांच्या गावांत माहितीत स्पष्ट वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. आज व्हॉट्सॲप गटावर व्हिडिओ टाकून ‘माहिती पोहोचवली’ असा अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग वाचावा.

एव्हरेट रॉजर्स यांच्या 1962 च्या नवकल्पना-प्रसाराच्या मांडणीत, नवी गोष्ट सर्वांत आधी स्वीकारणाऱ्यांपासून सर्वांत उशिरा स्वीकारणाऱ्यांपर्यंतच्या पाच गटांचे 2.5, 13.5, 34, 34 आणि 16 असे टक्के येतात. परीक्षेसाठी ते लक्षात ठेवा, पण त्यामागचा रायन आणि ग्रॉस यांचा 1943 चा, अमेरिकेतील आयोवा राज्यातील संकरित मक्याचा अभ्यास अधिक बोलका आहे: नव्या बियाण्याची वार्ता शेतकऱ्यांना बहुधा विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचे ठरवताना शेजाऱ्याचा अनुभव निर्णायक ठरला. आपल्याकडे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आणि पारावर जे चालते, ते याहून फार वेगळे नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचा जो विषय आहे, त्यात हीच संवादाची मांडणी शिकवली जाते. तिथला प्रवेश कृषी पदवीधरांसाठी असल्याने तो मार्ग आपला नाही, परंतु तिथल्या प्रबंधांत आपल्याच तालुक्यांतले नमुने सापडतात.

बोलीविषयी आता थोडे. हॉवर्ड जाइल्स यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस समोरच्याकडे पाहून आपले बोलणे त्याच्या जवळ नेतो किंवा मुद्दाम दूर ठेवतो. म्हणजे बातमी वाचताना प्रमाण मराठी आणि पिंपळाखाली ‘काय करायलाव, मामा?’ ही दोन्ही रूपे ज्याच्याजवळ आहेत, त्याचे भांडवल दुप्पट आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडांमध्ये वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या तोंडून अध्यात्म सांगितले. संस्कृत येणाऱ्या विद्वानाने ऐकणाऱ्याकडे पाहून केलेली ही निवड होती. आपल्या वर्गांत भरताच्या रससूत्रावरील चर्चेतून आलेले साधारणीकरण, म्हणजे एकाचा भाव सर्वांचा होणे, हल्ली भारतीय संवादविचार म्हणून शिकवतात, ते चांगलेच आहे, पण भारुड आणि कीर्तन यांच्याकडे त्याच नजरेने कोणी बघत नाही. पुण्या-मुंबईत आपल्या ‘जायलो’वर कोणी हसेल, आकाशवाणीच्या स्वरचाचणीत प्रमाण उच्चार लागतील, ते सरावाने येतात. आपल्या घरची बोली पुसून टाकण्याची गरज नाही.

इंग्रजीचे म्हणाल, तर मूळ लेख इंग्रजीत आहेत आणि ते वाचावे लागतील. बोलण्यातली सफाई नसली तरी चालते, वाचनाची हिंमत हवी. दररोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचलीत तरी वर्षभरात फरक पडतो. नेट-सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांच्या पहिल्या पेपरमध्ये संवाद हा एक स्वतंत्र घटक सर्व विषयांच्या उमेदवारांना असतो, तिथेही हे वाचन कामी येते. नोकऱ्यांमध्ये वृत्तपत्रे, आकाशवाणी, शासनाची माहिती कार्यालये, आरोग्य आणि शेतीत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था एवढी क्षेत्रे मी जवळून पाहिली आहेत. पहिल्या नोकरीचा पगार बहुतेक ठिकाणी बेताचा असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

तेव्हा माझे उत्तर असे: पदवीपर्यंतचे महिने हाताशी असतील आणि परवडत असेल, तर सभाधीटपणापुरता क्लास लावा, पण त्याला एम.ए.चा पर्याय समजू नका. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे माध्यमशास्त्र संकुल आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा जनसंवाद व वृत्तपत्रविद्या विभाग, ही दोन्ही ठिकाणे आपल्याला रेल्वेने जाऊन पाहता येतील. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी तिथे जा, शिक्षकांआधी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि गेल्या वर्षीचे लघुप्रबंध पाहायला मागा. त्यांत प्रश्नावली कोणत्या गावात, कोणाकडून भरून घेतली, लोकांनी कोणत्या प्रश्नाला उत्तर देण्याचे टाळले आणि त्यानंतर विद्यार्थ्याने प्रश्न कसा बदलला, हे लिहिलेले सापडले, तर तिथे प्रवेश घ्या.