जेवणं झाली की होस्टेलच्या ओट्यावर बस

प्रिय बाबू,

तुझा फोन आला तेव्हा मी एसटीत होतो, आवाज धड येत नव्हता, म्हणून आता निवांत लिहून राहिलो. कॉलेजात तासिका तत्त्वावर लागला, पहिल्याच वर्षी होस्टेलच्या पोरांचा मेंटॉर केला तुला, तू रोज तीन ते चार मार्गदर्शनाचा तास ठेवला, नोटीस लावली, अन पंधरा दिवसांत एकच पोरगा आला, तोही बोनाफाईडसाठी. मनाला लावून घेऊ नको. पोरं नालायक नाहीत अन तूही कमी पडला नाही, फक्त जागा अन टाइम चुकला.

स्टाफरूममध्ये चार जण बसले असतात, कोणी पेपर तपासून राहिलं, कोणी चहा घेऊन राहिलं, तिथं दारात उभं राहून एखादं पोरगं कसं सांगणार की सर मला अकाउंट्स ओ का ठो समजत नाही? त्याच्या घरात कॉलेजात गेलेला तोच पहिला असतो, काय विचारायचं हेच त्याला माहीत नसते. अन साडेचारला आपण अप-डाऊनवाले सगळे स्टँडवर. पोरं होस्टेलवरच, दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडेपर्यंत. घरची आठवण, फॉर्मची धावपळ, पेपरची भीती, सगळं त्या मधल्या तासांतच वर येते, अन तेव्हा सल्ला द्यायला कोण? तर एक वर्ष पुढचा रूममेट.

हे मला उशिरा कळलं. आधीच्या कॉलेजात मायनरचे, म्हणजे मुख्य विषयासोबतच्या दुय्यम विषयाचे, फॉर्म मी एका दुपारी गठ्ठ्यानं सह्या करून टाकले होते, कोणी काय घेतलं ते वाचलंसुद्धा नाही. पुढं कळलं की एका खोलीतल्या सहाही पोरांनी एकच मायनर घेतला होता, का, तर एकानं घेतला म्हणून. त्यातल्या दोघांना तो विषय शेवटपर्यंत जड गेला. ते आजही टोचते मला.

मग मी जेवणं झाल्यावर होस्टेलवर जायला लागलो. पहिले दोन-तीन दिवस कोणीच बोललं नाही. नंतर एका ऑक्टोबरात गेलो तर एका पोराची गादी गुंडाळून पेटीवर ठेवलेली. रूममेट म्हणाला, "सर, तो त गावाले गेला, सोयाबीन सोंगाले. मजूर भेटून नाही राहिले." परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख परवा. तिथूनच फोन लावला. मागं थ्रेशरचा आवाज, अन हा म्हणते, "सर, आता फॉर्म नाही भरत, सोडूनच देतो, दोन विषय गेले मागच्या सेमला." त्याला वाटत होतं, दोन विषय गेले म्हणजे वर्षच गेलं. त्याला सांगितलं की बाबा, पास झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, कुठं जात नाहीत, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणून जे ऑनलाइन खातं असते त्यात सात वर्षं धरले जातात, गेलेले विषय पुन्हा देता येतात. दुसऱ्या दिवशी रूममेटनं कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला, ओटीपी तिकडून शेतातून ओरडून सांगितला, तोही दोनदा, कारण पहिला ऐकूच आला नाही. फॉर्म भरला गेला. कॉलेजात असतो तर मला तो पोरगा गेल्याचं निकालाच्या दिवशी कळलं असतं.

आपल्याकडं हिवाळी परीक्षा अन सोयाबीन एकाच टायमाला येते, त्याला इलाज नाही. म्हणून दसऱ्याच्या आधीच सगळ्यांचे फॉर्म, आधार बँकेला लिंक आहे का, महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा अर्ज कुठं अडकला, हे बघून घे. अन नव्या शैक्षणिक धोरणाचं स्वतः नीट वाचून जा, कारण मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेचा आवडीचा विषय, अन ते ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं ट्रेनिंग, यात आपल्यातलेच कितीतरी लोक गोंधळतात. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६. घरच्या अडचणीनं पोराला पहिल्या वर्षानंतर थांबावंच लागलं तर चार क्रेडिटचा जादा कोर्स करून सर्टिफिकेट घेता येते, अन तीन वर्षांच्या आत परत येता येते. ही एक गोष्ट बापाला फोनवर सांगितली तरी पोरगं टिकते.

ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेत हार्वर्डला १९३० पासून पोरांच्या हाऊसमध्ये, म्हणजे होस्टेलमध्येच, ट्यूटर राहतात. तेवढं लांब कशाला, आपल्या भाऊसाहेबांनी, पंजाबराव देशमुखांनी, अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं ते खेड्यातल्या पोरांना शिकता यावं म्हणूनच ना.

काही गोष्टी मात्र सांभाळ. तू रेक्टर नाहीस, हजेरी घेऊ नको, कोण रात्री उशिरा आलं ते वर कळवू नको, एकदा चुगली झाली की ओटा रिकामा होते. मार्क सगळ्यांसमोर विचारू नको, ज्याला सांगायचं तो तुझ्यासोबत गेटपर्यंत चालत येते, त्याच्यासाठी हळू चाल. मुलींच्या होस्टेलवर मॅडमनाच जाऊ दे, भेटीच्या खोलीत, वॉर्डनला सांगून. अन एखादं पोरगं फारच गप्प, जेवण सोडलेलं दिसलं तर अभ्यासाचं लेक्चर नको, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, तुझ्याच फोनवरून लावून दे अन बाजूला बसून राह.

आठवड्यातून दोनच वार ठरव, पण ते चुकवू नको. मुक्कामी गाडी गेली तर माझ्या घरी ये, जेवण होईल. टॉर्च ने, लाईट जाते. अन जायच्या आधी मेसच्या काकूंशी दोन शब्द बोलत जा, कोणतं पोरगं दोन दिवसांपासून पोळ्या कमी घेऊन राहिलं हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळते.

तुझा,
सर