दारूगोळ्यातली दारू

प्रश्न असा आला आहे : ‘दारूगोळा’ हा ‘बारूदगोळा’चा अपभ्रंश आहे का, आणि लेखनात ‘बारूदगोळा’ वापरणे जास्त शुद्ध ठरेल का?

नाही आणि नाही. ‘दारूगोळा’च लिहा, बिनदिक्कत लिहा. ‘बारूदाच्या ढिगावर बसलेला प्रदेश’ असले मथळे हिंदी बातम्यांवरून जसेच्या तसे उचलले जातात, आणि मग आपलाच धडधाकट शब्द लोकांना अशुद्ध किंवा असभ्य वाटू लागतो. दारूखाना, दारूकाम, शोभेची दारू हे सगळे शब्द मराठीत नांदत असताना एकट्या दारूगोळ्यालाच सोवळे नेसवायचे कारण काय?

पिण्याच्या दारूबद्दल मी काही सांगत नाही, ती सर्वांना ठाऊक आहे. खरी गंमत ‘दवादारू’त आहे. ‘त्याची दवादारू केली’ असे म्हणताना आजाऱ्याला कोणी मद्य पाजलेले नसते. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. दवा अरबी, दारू फारसी, दोन्हींचा अर्थ एकच. मग तोफेत ठासायच्या काळ्या भुकटीला औषध का म्हणावे?

याचे उत्तर चीनमध्ये आहे. चिनी भाषेत या भुकटीचे नाव ‘हुओयाव’. हुओ म्हणजे अग्नी, याव म्हणजे औषध. हे नाव कुणी लाडाने ठेवलेले नाही. या भुकटीतली सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार) आणि गंधक ही दोन्ही द्रव्ये तिथल्या जुन्या औषधिग्रंथांत नोंदलेली आहेत आणि त्यांच्याशी खेळणारी मंडळी अमरत्वाचे रसायन शोधणारे किमयागार होते. नवव्या शतकाच्या सुमारास त्यांच्याच एका ग्रंथात ताकीद सापडते, की काहींनी गंधक, मनशीळ (आर्सेनिकचे लाल खनिज) आणि सोरा मधाबरोबर तापवले, तर भडका उडून त्यांचे हात आणि तोंड भाजले आणि राहते घरही जळाले. 1044 सालच्या ‘वुजिंग झोंगयाव’ या सोंग राजवटीच्या युद्धग्रंथात या मिश्रणाच्या पहिल्या लेखी कृती मिळतात. त्यांत सोऱ्याचे प्रमाण कमी, म्हणून मिश्रण फुटण्यापेक्षा पेटत जास्त असे. 1132 मध्ये देआन शहराच्या वेढ्यात बचाव करणाऱ्यांनी लांब नळ्यांत ते भरून आगीचे भाले केले. 1232 मध्ये काइफंगच्या तटावरून मंगोलांवर लोखंडी कवचाचे बाँब पडले. मारायचे साधन झाले, तरी नाव औषधाचेच राहिले.

माझे म्हणणे असे, की हे नाव पाककृतीबरोबर पश्चिमेकडे चालत आले. इजिप्तवर मामलूक सुलतानांचे राज्य होते त्या काळातल्या एका अरबी हस्तलिखितात नळीच्या शस्त्रात भरायच्या ‘दवा’ची कृती आहे : बारूद दहा भाग, कोळसा दोन, गंधक दीड. हिशेब केला तर पहिला घटक 74 टक्के भरतो, म्हणजे पुढे सर्वत्र रूढ झालेल्या 75 टक्क्यांच्या अगदी जवळ. चिनी याव, अरबी दवा, फारसी दारू, मराठी दारू : शब्द चार, अर्थ एक. काही अभ्यासक यावर डच ‘क्रौट’ पुढे करतात. त्याचे मूळ वनस्पती-औषधाचे, अर्थ बंदुकीची दारू. कुटून-चाळून केलेल्या भुकटीला कोणीही स्वतंत्रपणे औषध म्हणेल, असा त्यांचा दावा. मला तो पटत नाही. सोऱ्याला अरबांनी ‘चीनचे बर्फ’ म्हटले आणि इराणात तेच ‘चिनी मीठ’ झाले. वस्तू कुठून आली हे ज्यांना इतके स्पष्ट आठवत होते, त्यांना तिचे नाव तेवढे ऐकू आले नसेल?

वरच्या कृतीतला ‘बारूद’ पुन्हा वाचा. तो संपूर्ण मिश्रणाचे नाव नाही, एका घटकाचे आहे. बारूद म्हणजे मुळात सोरा. 1248 मध्ये वारलेला वनौषधितज्ज्ञ इब्न अल-बैतार स्पष्ट लिहितो, की मिसरचे (इजिप्तचे) जुने वैद्य ज्याला चीनचे बर्फ म्हणतात त्यालाच मगरिबात, म्हणजे वायव्य आफ्रिकेत, बारूद म्हणतात. तेव्हा शुद्धतेसाठी दारूऐवजी बारूद सुचवणारे एका घटकाचे नाव सगळ्या मिश्रणाला चिकटवत आहेत.

दुसरा हट्ट संस्कृतवाल्यांचा : दारूत कोळसा असतो, कोळसा लाकडाचा, लाकूड म्हणजे ‘दारु’, सबब शब्द संस्कृत. चूक. शब्द फारसीतून आला आहे. मात्र फारसी ‘दारू’ हाही झाड या अर्थाच्या ‘दार’वरून आलेला मानतात, म्हणजे देवदारातल्या ‘दारु’शी त्याचे चुलतनाते आहे. नाते आहे, वंशज नाही.

याच हट्टाचे मोठे रूप गुस्ताव ओपर्ट या जर्मन संस्कृत पंडिताने 1880 मध्ये मांडले. शुक्रनीती या राजनीतीवरच्या संस्कृत ग्रंथातल्या ‘अग्निचूर्णा’च्या आधारे त्याने या दारूचा शोधच प्राचीन भारताच्या नावावर केला. पण त्याच शुक्रनीतीतल्या बंदुकीला नेम धरायला तिलबिंदू आहेत आणि यंत्राच्या आघाताने ठिणगी पाडणारी कळ आहे. ही चकमकीची बंदूक झाली, आणि ती सतराव्या शतकाआधीची नव्हे. तेवढा भाग तरी उशिराचा आहे, हे मान्य करायलाच हवे. तरीही मला तो भाग अतिशय आवडतो, कारण लिहिणाऱ्याने शब्द निवडला ‘चूर्ण’. सोरा पाच पळे (पळ हे जुने वजन), गंधक एक पळ, धूर कोंडून जाळलेल्या रुई-थोराचा कोळसा एक पळ. मग त्यावर रुई-थोराच्या चिकाची आणि लसणाच्या रसाची पुटे देऊन उन्हात वाळवायचे. ही सगळी रीत वैद्याच्या खलबत्त्यातली आहे.