आल्डीचे अल्ब्रेख्त कुटुंब स्वस्त विकूनही एवढे श्रीमंत कसे झाले?

आल्डी या जर्मन साखळी दुकानांच्या मालकांनी इतरांपेक्षा स्वस्त विकूनही अफाट संपत्ती कशी मिळवली, असे आपण विचारले आहे. बेळगावच्या रविवार पेठेतून घाऊक माल उचलून खानापुरात किराणा दुकान चालवणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला प्रथम फळीवरच्या मालात दिसते.

१९१३ साली एसेन शहराच्या शोनेबेक भागात आना अल्ब्रेख्त यांनी लहानसे दुकान काढले. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, कार्ल आणि थिओ या त्यांच्या मुलांनी ते हाती घेतले. भांडवल तुटपुंजे असल्याने मोजकाच माल ठेवणे भाग होते, आणि हीच अडचण पुढे त्यांची पद्धत झाली. त्या काळी जर्मनीत गिऱ्हाइकाने तिकिटे जमवून दाखवली की जास्तीत जास्त ३ टक्के सूट नंतर मिळे. या भावांनी ती आधीच किमतीतून वजा केली. खप नसलेली वस्तू फळीवरून काढून टाकली.

त्याचे मोल आमच्या घराला पुरेपूर ठाऊक आहे. आमच्याकडे अंगाच्या साबणाचे अकरा प्रकार असत. त्यांतले तीनच रोज खपत, उरलेल्या आठांवरची धूळ वडील दर आठवड्याला फडक्याने पुसत, आणि तिथे अडकलेल्या रकमेपायी घाऊक व्यापाऱ्याची उधारी वाढत जाई. याउलट एकाच प्रकारचा माल गाड्या भरून घेणाऱ्याला उत्पादक पडता भाव देतो, आणि त्याचे पैसे चुकते करण्याच्या मुदतीआधीच माल विकला गेला, तर धंद्याला स्वतःचे भांडवल फार लागत नाही. शिवाय खोक्याची पुढची बाजू फाडून ते तसेच ठेवले, की एकेक वस्तू मांडत बसणाऱ्या नोकराचा पगार वाचतो, तोही किमतीतून उतरवता येतो.

१९६० पर्यंत सुमारे ३०० दुकाने झाली. सिगारेट विकावी की नाही यावरून भावांत मतभेद झाला, असे सांगतात. आपल्याकडे वाटण्या झाल्या की बहुधा एकाच गल्लीत दोन दुकाने समोरासमोर उभी राहतात. या दोघांनी मात्र जर्मनीचा उत्तर आणि दक्षिण मुलूख वाटून घेतला, १९६२ पासून आल्डी हे एकच नाव लावले, आणि देशात एकमेकांच्या हद्दीत दुकान काढले नाही.