डॉमिनंट अलील रिसेसिव्हला संपवत का नाही?

प्रश्न: मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, जेनेटिक्स शिकतोय. डॉमिनंट अलील (म्हणजे एकाच जीनचा एक प्रकार) जर रिसेसिव्हवर भारी पडतो तर काही पिढ्यांनी रिसेसिव्ह गायबच व्हायला पाहिजे ना?

उत्तर: नाही होत! शंका मात्र अगदी रास्त आहे, मेंडेलचं आनुवंशिकतेवरचं काम १९०० मध्ये परत उजेडात आल्यावर जाणकारांनाही हाच प्रश्न पडला होता आणि १९०८ मध्ये हार्डी हे गणितज्ञ आणि वाइनबर्ग हे डॉक्टर, दोघांनी वेगवेगळं काम करून त्याचं उत्तर दिलं. डॉमिनंट म्हणजे एवढंच की दोन्ही अलील एकत्र आले तर त्याचा गुण दिसतो आणि रिसेसिव्हचा झाकला जातो, पुढच्या पिढीत जायचा चान्स दोघांनाही निम्मा-निम्माच. सिलेक्शन (निसर्गाची निवड), म्युटेशन (जीनमधला बदल), स्थलांतर नसेल, लोकसंख्या मोठी असेल आणि जोड्या रँडम जमत असतील तर दोन्ही अलीलचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. समजा एखादा रिसेसिव्ह आजार १०,००० मध्ये एकाला होतो, तर त्या अलीलचं प्रमाण १०० मध्ये १ येतं, पण वाहक (एकच कॉपी असलेले, स्वतः निरोगी) निघतात जवळपास ५० मध्ये १! म्हणजे बहुतेक कॉप्या निरोगी माणसांतच लपलेल्या, तिथे सिलेक्शनचा हात पोचतच नाही, म्हणून घातक अलीलसुद्धा इतक्या पिढ्या टिकतात.