थारमध्ये दुसरी बॅटरी बसवायची आहे. मध्ये नुसता सोलेनॉइड (विजेवर चालणारा मोठा स्विच) टाकला तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बीएस-६ डिझेल थार आहे, छतावर तंबू आहे, मागे ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, शिवाय दिवे आणि फोन-कॅमेऱ्याचं चार्जिंग. जूनमध्ये पुण्याहून स्पितीला निघायचंय, पुढेमागे विंचही (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) लावायचाय. दुकानदार म्हणतो, "इन्व्हर्टरची बॅटरी मागे टाकू, मध्ये एक सोलेनॉइड, दोन तासांचं काम." करावं का?

असं करू नका. दुसरी बॅटरी घ्यायला माझी हरकत नाही, हरकत त्या जोडणीला आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम हाच माझा धंदा आहे, आणि दुसऱ्या बॅटरीच्या बहुतेक तक्रारी बॅटरीच्या नसतात. पहिल्या आणि दुसऱ्या बॅटरीच्या मध्ये काय टाकलंय, तिथे सगळी गोम असते.

आधी हिशोब करू. तुमचा फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर खातो, पण तो सतत चालत नाही. गार हवेत दिवसाचा ४० टक्के वेळ चालला तर २४ तासांत ३८ अँपिअर-तास होतात. जूनच्या उन्हात राजस्थान ओलांडताना तोच ६० टक्के वेळ चालेल, म्हणजे ५८. दिवे, फोन, कॅमेरा मिळून आणखी दहा धरा. म्हणजे दिवसाला ५० ते ७०. इन्व्हर्टर लावून इलेक्ट्रिक केटल चालवायचा विचार मनात असेल तर काढून टाका. १५०० वॉटची केटल १२ व्होल्टच्या बॅटरीतून १४० अँपिअरच्या आसपास ओढते. चहा गॅसवरच करा.

बॅटरी ही पाण्याची टाकी समजा. टाकी मोठी आणली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. २५ अँपिअरचा चार्जर लावून तुम्ही रोज पाच तास गाडी चालवणार असाल तर १२५ अँपिअर-तास भरायची सोय झाली, खर्च त्याच्या निम्मा आहे. पण स्पितीत काझाजवळ दोन दिवस तंबू ठोकून बसलात तर नळ बंद. मग १०० वॉटचं सोलर पॅनल हवं. स्वच्छ उन्हात ते दिवसाला पंचवीस-तीस अँपिअर-तास देतं, म्हणजे तिथल्या गारव्यात फ्रिजचा बराचसा खर्च भागतो. ऑस्ट्रेलियात ही दुसऱ्या बॅटरीची पद्धत मुरली ती याच गरजेतून. कॅनिंग स्टॉक रूटसारखी साधारण १८५० किलोमीटरची वाळवंटी वाट, वस्ती विरळ, मांस-भाज्या टिकवायला फ्रिज लागतोच. आपल्याकडे शनिवार-रविवार भंडारदऱ्याला जाऊन येणाऱ्याला एवढा खटाटोप करायची गरज नाही, त्याने एक पॉवर स्टेशन (बॅटरी आणि सॉकेट एकत्र असलेला उचलून नेता येणारा डबा) घ्यावं आणि मोकळं व्हावं. फक्त डॅशबोर्डच्या सॉकेटमधून ते १०-१२ अँपिअरपेक्षा वेगाने भरणार नाही, तेव्हा घरून भरून निघावं. तुमची सहल मोठी आहे, तुम्हाला पक्की व्यवस्था परवडेल.

आता सोलेनॉइड. किल्ली फिरवली की तो दोन्ही बॅटऱ्या थेट जोडून टाकतो. आणि किल्ली फिरवल्यावर आपण पहिलं काय करतो? सेल्फ मारतो. डिझेलचा सेल्फ शेकड्यांनी अँपिअर मागतो, आणि त्यातला वाटा मागच्या बॅटरीकडून मधल्या बारीक वायरीतून यायला लागतो. त्यापेक्षा बरा प्रकार म्हणजे व्होल्टेज बघून जुळणारा रिले, ज्याला दुकानात व्हीएसआर म्हणतात. पहिली बॅटरी १३.३ व्होल्टच्या आसपास गेली की तो जोडतो, १२.८ च्या आसपास उतरली की तोडतो. मेजर, क्लासिक, अर्माडा अशा जुन्या महिंद्रांना, जिथे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज देणारा जनित्र) साधा आणि दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिड, तिथे व्हीएसआर मी आजही डोळे झाकून लावतो. स्वस्त आहे, बिघडलाच तर कुठल्याही गावात बदलून मिळतो.

नव्या गाड्यांचं तसं नाही. डिझेल वाचवायला आणि धूर कमी करायला बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरवर ईसीयूचा, म्हणजे गाडीच्या संगणकाचा, ताबा असतो. बॅटरी भरली असं वाटलं की तो व्होल्टेज १२.६-१२.८ वर आणून ठेवतो, ब्रेक लावताना पुन्हा वर नेतो. अशा गाडीत व्हीएसआर दिवसभर खटखट करत बसतो आणि मागची बॅटरी संध्याकाळी अर्धवट भरलेली असते. तुमच्या गाडीत काय आहे ते दुकानदाराला विचारू नका, मल्टिमीटर लावा. टर्मिनलपासून केबिनपर्यंत फ्यूज लावलेली तात्पुरती वायर घ्या, अर्धा तास गाडी चालवा आणि शेजारी बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. आकडा सतत १३.८ ते १४.४ मध्ये राहिला तर अल्टरनेटर साधा. चालत्या गाडीत तो १३ च्या खाली उतरत असेल तर तो स्मार्ट आहे.

दोन्ही बाबतींत मी तुम्हाला डीसी-डीसी चार्जरच सुचवीन. आत येणारं व्होल्टेज काहीही असो, हा बाहेर बॅटरीला हवं तेच व्होल्टेज देतो आणि ठरलेल्यापेक्षा जास्त करंट ओढत नाही. ॲडलेडच्या रेडार्कचा २५ अँपिअरवाला, किंवा डच कंपनी व्हिक्ट्रॉनचा ३० अँपिअरचा ओरायन, या वर्गातलं यंत्र बघा. स्वस्तातलं घ्यायचं असेल तर एवढं तपासा की बॅटरीचा प्रकार निवडता येतो आणि 'इंजिन चालू'चा सिग्नल देण्यासाठी वेगळी वायर आहे. अल्टरनेटर स्मार्ट असेल तर ही वायर लागतेच, कारण व्होल्टेजवरून चार्जरला इंजिन चालू आहे की बंद ते कळत नाही. सिग्नल फ्यूज बॉक्समधून दुमजली फ्यूज होल्डरने घ्या. हार्नेस, म्हणजे गाडीच्या मूळ वायरींचा जुडगा, सोलून जोड मारू देऊ नका, वॉरंटीचं भांडण तिथूनच सुरू होतं.

बॅटरी कोणती? इन्व्हर्टरची ट्यूब्युलर तर नाहीच. ती घरात एका जागी उभी राहण्यासाठी केलेली आहे. दगडगोट्यांत गाडी कलली की ॲसिड सांडतं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि तो बंद केबिनमध्ये, जिथे तुम्ही बसणार. दुसरी स्टार्टर बॅटरीही नको. तिच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर प्रचंड करंट देण्यासाठी, वारंवार खाली गेली की ती लवकर मरते. मग राहतात दोन. एजीएम (ॲसिड चटईत शोषून ठेवलेली लेड-ॲसिड) सीलबंद असते, पण १०० अँपिअर-तासांची घेतलीत तर ५० वापरायच्या आणि वजन तीस किलोच्या घरात. शिवाय लेड-ॲसिड ८० टक्क्यांनंतर हळूहळू भरते, शेवटच्या वीस टक्क्यांना काही तास जातात, आणि रोज अर्धवट भरलेली राहिली की सल्फेशनने, म्हणजे प्लेटांवर सल्फेट जमून, कुजते. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग आहे, पण तेवढ्याच मापात ८०-९० वापरता येतात, वजन बारा किलोच्या आसपास आणि शेवटपर्यंत वेगाने भरते. तुम्हाला मी लिथियम आयर्न फॉस्फेटच सांगेन. मात्र ती अल्टरनेटरला थेट जोडू नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते. गाडी उभी आणि इंजिन नुसतं घुरघुरत असेल तर अल्टरनेटरचा पंखाही सावकाश फिरतो आणि तो तापून जळू शकतो.

स्पितीसाठी एक खास गोष्ट. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, सेलमध्ये धातूचा लिथियम जमून ती कायमची खराब होते. काझा ३६५० मीटरच्या आसपास आहे. जूनमध्ये फारसा प्रश्न नाही, पण ऑक्टोबरात पुन्हा जाणार असाल तर थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारं बीएमएस (बॅटरीतलं राखण करणारं सर्किट) आहे ना, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. स्वस्त बॅटऱ्यांत नेमकं तेच गाळलेलं असतं.

जागा मागे, केबिनमध्येच. बॉनेटखाली जागा दिसली तरी तिथली उष्णता कुठल्याच बॅटरीला मानवत नाही. लेड-ॲसिडचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, लिथियमला तर इंजिनशेजारी न्यायचंच नाही. बसवताना लोखंडी ट्रे, आरपार बोल्ट, वरून पट्टी. प्लायवूडला स्क्रू मारलेली बॅटरी गाडी पलटली तर डोक्याकडे येते. भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा, त्या जागेखाली डिझेलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही ना.

आता वायर. इथे दुकानदार पैसे वाचवतात आणि गिऱ्हाईक ते बघत नाही. २५ अँपिअर आणि १४.४ व्होल्ट बाहेर द्यायचे म्हणजे ३६० वॉट. चार्जर स्वतः थोडं खातो, त्यामुळे आत येताना, व्होल्टेज १२.५ असेल तर, ३२ अँपिअर लागतात. बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत वायर चार मीटर, परतीची धरून आठ. तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर वाटेतच ०.७३ व्होल्ट गेले. १० ची घेतली तर ०.४४. १६ ची घेतली तर ०.२८. मी १६ ची टाकतो. निव्वळ तांब्याची, बारीक धाग्यांची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर गाडीच्या स्पीकरवाल्यांकडे सर्रास मिळते, ती हातात हलकी लागते, तीवर हे आकडे लागू होत नाहीत.

फ्रिजलाही हाच न्याय. फ्रिज 'लो बॅटरी' दाखवून रात्री बंद पडतो आणि मालक नवी बॅटरी आणायला धावतो. वायर १.५ ची असेल तर ५ अँपिअरला चार मीटरवर ०.४६ व्होल्ट पडतात, कॉम्प्रेसर सुरू होताना आणखी. मागच्या सॉकेटला ६ ची वायर टाका आणि सिगरेट लायटरचा सॉकेट सोडून पिळून बसणारा सॉकेट घ्या. खडबडीत रस्त्यावर लायटरवाला सैल होतो.

फ्यूज दोन. एक पहिल्या बॅटरीपासून वीतभर अंतरात, दुसरा मागच्या बॅटरीच्या तितकाच जवळ. मधल्या वायरीला दोन्हीकडून वीज आहे. ती कुठे घासून बॉडीला लागली आणि फ्यूज एकाच टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाची बॅटरी वायर लाल होईपर्यंत करंट देत राहते. वर सांगितलेल्या २५ अँपिअरच्या चार्जरला ४० अँपिअरचे मिडी फ्यूज, बोल्टवाले. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना रबरी ग्रोमेट, पुढे फ्लेक्झिबल पाइप, एक्झॉस्टपासून लांब. वायरीच्या टोकांचे लग हायड्रॉलिक पक्कडीने दाबलेले हवेत, हातोड्याने चेपलेले नकोत. असं काम दोन तासांत होत नाही, मला पूर्ण दिवस लागतो.

काम सुरू करताना आधी मायनस काढा, शेवटी मायनस लावा. मायनसच्या टर्मिनलवर छोटी डबी आणि तिला बारीक वायर दिसली तर तो बॅटरी सेन्सर आहे. परतीची वायर थेट त्या टर्मिनलला बांधू नका, शेजारच्या चासिसवर रंग खरवडून बोल्टने बांधा. नाहीतर गाडीला तुमच्या चार्जरने खाल्लेला करंट दिसणार नाही आणि तिचा हिशोब चुकत जाईल.

झालं की इंजिन चालू ठेवा, चार्जर पूर्ण ताकदीने चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक पहिल्या बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं चार्जरच्या इनपुट प्लसला लावा. ०.३ च्या आत आलं तर काम चांगलं. जास्त आलं तर एकेक जोड हाताने चाचपा, गरम लागेल तो वाईट. हे दुकानातून गाडी बाहेर काढण्याआधी करा.

विम्याचं एका वाक्यात: पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजची किंमत वेगळी जाहीर करता येते, ती करा आणि बिलं जपून ठेवा.

विंच या सगळ्यात बसत नाही. ९,००० पौंडांचा विंच पूर्ण ओढीला ४०० अँपिअरच्या घरात जातो. तो पुढच्या स्टार्टर बॅटरीवर, इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं ओढत चालवायचा. लिथियमचं बीएमएस एवढा भार दिसताच बंद होतं.

आणि पुढची बॅटरी उतरली तर मागचीवर गाडी सुरू होईल, असं धरून चालू नका. डीसी-डीसी चार्जर एकाच दिशेने देतो, मागून पुढे काही येत नाही. दोन्ही दिशांना चालणारे मिळतात, पण तेही पुढची बॅटरी हळूहळू भरतात, सेल्फ फिरवत नाहीत. तेव्हा खिशात मावणारा जंप स्टार्टर घ्या, तो फ्रिजशेजारी न ठेवता डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.