लोहाच्या गोळ्या चालू, तरी एचबी ७.८ वरच का?

तुमचे वडील ५८ वर्षांचे, वजन ५५ किलो, यंत्रमागावर दिवसभर उभं काम, गुडघ्यांसाठी वर्षभर डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी, दुर्बिणीत जठराचा अल्सर. दोन महिने लोहाची गोळी सकाळ-संध्याकाळ, शिवाय बीट-खजूर, तरी एचबी (हिमोग्लोबिन) ७.४ चं ७.८. तुम्ही दिलेल्या माहितीवरून लिहितो.

निरोगी माणसाच्या १ मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. अल्सरमधून रोज १० मिली रक्त झिरपलं तर ५ मिलिग्रॅम गेलं. जेवणातून अंगी लागतं एक-दोन. बीट खुशाल द्या, पण त्याचा फक्त रंग लाल.

म्हणून आधी गळती. डायक्लोफेनॅक कायमचं बंद, मेडिकलमधून सुट्या मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्याही. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारा. (हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र परस्पर थांबवू नका.) एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी आणि अल्सरच्या कडेच्या तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट हातात घ्या. जठराचा कॅन्सर अल्सरसारखाच दिसू शकतो, त्यामुळे ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण टाळू नका.

आता गोळी. अल्सरसाठीच्या पॅन्टोप्राझोलनं ॲसिड कमी होतं आणि लोह कमी शोषलं जातं, पण अल्सर भरेपर्यंत ते हवंच. दोनदा गोळी देऊन फायदा नाही: एका डोसनंतर हेपसिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं हार्मोन वाढतं आणि दुसरा डोस बराचसा वाया जातो. दिवसातून एकदाच किंवा दिवसाआड, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चहा त्यानंतर तासाभरानं.

महिन्याभरात एचबी निदान १ नं वाढायला हवा. इथं दोन महिन्यांत ०.४ वाढलाय, म्हणजे शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. हिशोब असा: वजन ५५ × (हवा असलेला एचबी १५ − आताचा ७.८) × २.४ + साठ्यासाठी ५००, म्हणजे सुमारे १,४५० मिलिग्रॅम. शिरेतून द्यायचं लोह फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर आधी १,००० सलाईनमधून, आठवड्यानं ५००. आयर्न सुक्रोज स्वस्त पडतं, पण एका वेळी २०० च, म्हणजे सात-आठ खेपा आणि तेवढे खाडे. कमरेत घ्यायचं लोहाचं इंजेक्शन नको. दुखतं आणि कातडीवर डाग राहतो. रक्ताची पिशवी सहसा एचबी ७ च्या खाली गेला तर, हृदयविकार असेल तर ८ च्या खाली. एका पिशवीनं एचबी साधारण १ वाढतो.

लोहाच्या गोळीनं शौच हिरवट-काळी होते, ते चालतं. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची झाली किंवा उभं राहताना भोवळ आली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच सिव्हिलच्या अपघात विभागात न्या.