एन्कोरला दुसरी बॅरल घेण्याआधी एक फिलर गेज घ्या

कोलंबसहून लिहिणाऱ्या मित्राची पोस्ट काल रात्री वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: त्यांनी सहकाऱ्याकडून थॉम्पसन सेंटर कंपनीच्या एन्कोरची (एका नळीची मोडती रायफल, हिच्या बॅरली बदलता येतात) जुनी फ्रेम घेतली, तिच्यावर बाहेरच्या कंपनीची .३५० लेजंड काडतुसाची बॅरल चढवली, आणि १०० यार्डांवर गोळ्यांचा चार-साडेचार इंचांचा पसारा येतोय. कंपनी म्हणते, बॅरल पाठवा, तपासून देतो. प्रश्न असा की पाठवू, का सरळ दुसऱ्या नावाजलेल्या मेकरची घेऊ, आणि घ्यायची तर कोणाची?

माझं मत: आत्ता दोन्हीही नको.

आधी सांगून टाकतो, मी गनस्मिथ नाही. भोसरीत टूलरूममध्ये उमेदवारी केली, नंतर ओहायोत आलो, आणि एका नळीच्या मोडत्या रायफलींचा नाद लागला, एवढंच. खाली लिहिलेलं माझ्या फ्रेमवर, माझ्या हातांत खरं ठरलेलं आहे. काडतुसाच्या दाबाशी संबंधित काहीही करायचं असेल तर जाणकार माणसाला प्रत्यक्ष दाखवा. स्क्रू घट्ट आहेत का, स्कोप चांगला आहे का, तीन वेगळ्या कंपन्यांची काडतुसं मारून पाहिली का, हे तुम्ही केलंच असेल असं धरून चालतो.

तुमची पोस्ट वाचून दचकलो ते त्या "बॅरल पाठवा" मुळे. मलाही अगदी हेच सांगितलं होतं. माझी .३०८ होती, नामांकित ब्लँकमधून (चेंबर न कापलेल्या कच्च्या नळीतून) कापलेली, दिसायला देखणी. गोळ्या कागदावर उभ्या रांगेत पसरायच्या, मधूनच काडतूस पेटायचंच नाही, आणि उडवलेल्या ब्रासच्या (काडतुसाच्या रिकाम्या पितळी कवचाच्या) बुडाच्या जरा वर एक चकचकीत कडं दिसायला लागलं. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोटो पाठवले. उत्तर आलं, फक्त बॅरल पाठवा. मी म्हटलं, फ्रेमसकट पाठवतो, दोष जोडीत असू शकतो. तर म्हणे, फ्रेम म्हणजे नंबर असलेलं शस्त्र, आम्ही स्वीकारत नाही, तशी पॉलिसी आहे. दुरुस्तीसाठी मालकाने फ्रेम परवानाधारक मेकरकडे पाठवायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, हे मी त्यांना लिहून कळवलं. त्यावर एकदा एक बाई बोलल्या, पुढच्या वेळी दुसरेच कोणी बोलले, तिकीट नंबर बदलला आणि जुना पत्रव्यवहार "सिस्टीममध्ये दिसत नाही" झाला. अख्खा उन्हाळा त्यात गेला.

शेवटी बॅरल परत आली. सोबत एक छापील चिठ्ठी, "मापात आहे", आणि सव्वा इंचाचा तीन गोळ्यांचा एक कागद. कुठल्या फ्रेमवर मारला? त्यांच्या वर्कशॉपमधल्या, त्यांच्या स्वतःच्या. येण्याजाण्याचं कुरिअर माझ्या खिशातून, वर तपासणी फी. मला आजही त्या फीचा राग येतो, बॅरलचा नाही. बॅरल खरंच मापात होती! त्यांनी गेज घालून एकटी बॅरल मोजली आणि ती बरोबर निघाली. पण एकट्या बॅरलचं माप घेऊन या रायफलीबद्दल काहीच कळत नाही, आणि हे त्या धंद्यातल्या लोकांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

असं का, ते नीट सांगतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये बॅरल रिसीव्हरमध्ये आट्यांनी घट्ट बसते आणि बोल्टचे लग काडतुसाच्या मागेच अडकतात. मेकर एकदा हेडस्पेस (काडतुसाला पुढे-मागे हलायला उरणारी जागा) लावतो आणि ते तसंच राहतं. एन्कोर किंवा त्याच कंपनीच्या आधीच्या कंटेंडरची बॅरल म्हणजे दाराची फळी समजा: पुढे खाली बिजागरीची पिन, मागे खाली कडी. ही कडी, म्हणजे लॉकिंग बोल्ट, बॅरलच्याच पोटाखालच्या लगमध्ये असते आणि फ्रेममधल्या खाचेत अडकते. काडतुसाच्या मागे जी भिंत आहे, ब्रीच फेस, ती मात्र फ्रेमची. त्यामुळे खरं हेडस्पेस म्हणजे चेंबरचं (बॅरलमधली काडतूस बसायची पोकळी) माप अधिक बॅरलचं तोंड आणि ती भिंत यांच्यातली फट. चेंबर बॅरल बनवणाऱ्याने कापलं, फट तुमच्या फ्रेममुळे आली. बॅरल दुसऱ्या फ्रेमवर चढवली की फट बदलते. शिवाय पिन भोकात सैल असेल तर बॅरल दर वेळी केसभर वेगळ्या जागी बसते. मग ब्लँक कितीही महागाचं असो, ग्रुप (एका जागी पडणारा गोळ्यांचा घोळका) कुठून येणार?

गावाबाहेर शेडमध्ये काम करणाऱ्या एका वयस्कर गनस्मिथने माझ्या बॅरलच्या तोंडाशी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. दहा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; मी भोसरीत वाढलेला माणूस, दहा थाऊ म्हणजे मला खिडकीच वाटली. त्याने कागदाची क्लिप सरळ करून टोक वाकवलं आणि उडवलेल्या ब्रासच्या आत फिरवलं. त्या चकचकीत कड्याच्या जागी आतून खाच लागली. ब्रास ताणून पातळ झालं होतं, आणखी एक-दोनदा भरून उडवलं असतं तर बूड वेगळं झालं असतं. न पेटणाऱ्या काडतुसांचा उलगडाही तोच: पुढे सरकायला जागा मिळाली की फायरिंग पिनचा ठोसा अर्धवट बसतो.

त्याने थोड्या जाड मापाची बिजागरीची पिन बसवली आणि झिजलेला लॉकिंग बोल्ट बदलला. प्ले (ढिलाई) गेला, फट जवळपास निम्म्यावर आली, ग्रुप तेव्हाच निम्मे झाले. उरलेल्या फटीसाठी डाय (वापरलेलं ब्रास पुन्हा मापात आणणारा साचा) अशी लावली की भरलेलं काडतूस बॅरलच्या मागच्या तोंडाशी सपाट बसावं. बॅरल काढून हातात घ्या, साइझ केलेलं रिकामं ब्रास आत टाका आणि कडेवरून नख फिरवा. डायच्या डबीतली "खालपर्यंत फिरवा, मग पाव आटा आणखी" ही सूचना या रायफलींसाठी मला साफ चुकीची वाटते. काडतुसाचा खांदा (जिथे ते मानेकडे निमुळतं होतं) उगाच मागे ढकलला जातो.

तुमच्या .३५० लेजंडला खांदा नाही, ते ब्रासच्या तोंडावर हेडस्पेस घेतं. म्हणून वरची खांद्याची भानगड तुम्हाला नाही, पण दुसरी आहे. काडतुसं घरी भरत असाल तर ब्रासची लांबी सारखी ठेवा आणि क्रिंप (ब्रासचं तोंड गोळीवर दाबणं) टेपर द्या, गोल वळवलेला नको, नाहीतर काडतूस खोल जाईल. फटीची भानगड मात्र तीच. आज संध्याकाळी रिकाम्या रायफलीवर फिलर गेज घाला. आधी बॅरल हाताने पुढे दाबून, मग मागे दाबून, दोन्ही आकडे लिहा. दोन-चार थाऊ मला चालतात. दोन्ही आकड्यांत बराच फरक असेल तर बॅरल नाही, पिन बदला.

दुसरी शंका फोरएंडची (बॅरलखालचा, पुढचा हात धरतो तो भाग). तो फ्रेमला नव्हे, बॅरलला स्क्रूने लटकलेला असतो. लाकूड किंवा प्लास्टिक बॅरलला वाकडं दाबत असेल तर ती गरम होताना गोळ्या उभ्या रांगेत चढतात. पुढचा स्क्रू जरा ढिला करून पाच गोळ्या मारा. बॅगवर टेकवताना फोरएंडचं टोक नाही, फ्रेमजवळचा भाग टेकवा, आणि दर वेळी तोच. चेंबरमध्ये तेल राहू देऊ नका. तेलकट ब्रास चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का फ्रेमवर जातो. हे सगळं करूनही साडेचार इंच येत असतील, तर मग बॅरलवर संशय घ्या.

आता बॅरल घ्यायचीच झाली तर. ब्रँडचं नाव विचारू नका, हे विचारा: माझी फ्रेम पाठवली तर तिच्यावर बसवून, फट मोजून देणार का? "हो" म्हणणारा मला निम्म्या नावाचा असला तरी चालतो. त्यानंतर ब्लँक कोणाचं, रीमर (चेंबर कापायचं हत्यार) कुठल्या मापाचा, थ्रोट किती लांब. थॉम्पसन सेंटरच्या स्वतःच्या अनेक बॅरलींचा थ्रोट लांब असतो, गोळी राइफलिंगला (नळीतल्या पीळदार खाचांना) लागण्याआधी बराच प्रवास करते, आणि लोक बाहेरची बॅरल शोधायला लागतात त्याचं हे एक मोठं कारण. ब्लँकमध्ये शिलेन, लोथर वॉल्थर, पॅक-नॉर, डग्लस ही माहितीची नावं आहेत आणि खरं सांगायचं तर त्यांच्यातला फरक तुमच्या-माझ्या खांद्याला कळणार नाही. बसवणाऱ्यांमध्ये युटाची मॅच ग्रेड मशीन, जे. डी. जोन्स यांनी ओहायोत उभी केलेली एसएसके. ही माझ्याकडून जाहिरात नाही; काही दुकानं बंद होतात, काहींचे मालक बदलतात, आधी फोन करून बघा.

ट्विस्टबद्दल (राइफलिंगचा पीळ) थोडंच: .३५० लेजंडला १६ इंचांत एक फेरा नेहमीचा, .४५-७० ला २०, .२२३ मध्ये ६९ ते ७७ ग्रेनच्या गोळ्या मारायच्या तर ८. जाड बुल बॅरल म्हणजे अचूक, हा बोल्टवाल्यांचा समज इथे आणू नका. सगळं वजन त्या पिनेवर लटकतं. लांबीचा मोहही नको: रिसीव्हरची लांबी नसल्यामुळे २४ इंची बॅरल लावूनही ही रायफल आखूडच राहते.

आणि माझा हट्ट म्हणा, पण हरणासाठी मी .३५० सोडून .४५-७० घेईन. ओहायोत २०१४ पासून हरणाच्या गन सीझनला सरळ भिंतीची (खांदा नसलेली) काडतुसं चालतात, हल्ली .३५७ ते .५० व्यासाची, त्यात दोन्ही बसतात. पण .४५-७० ला रिम (बुडाची बाहेर आलेली कड) आहे. रिम बॅरलच्या मागच्या तोंडाशी स्वतःच अडते, एक्स्ट्रॅक्टर (ब्रास बाहेर काढणारा भाग) साधा राहतो, ब्रासच्या लांबीचा जाच नाही. मोडत्या रायफलीला रिमवालंच काडतूस शोभतं. धक्का जबरदस्त असतो, तेवढं मान्य. स्कोपच्या बेसचे बारीक स्क्रू त्याने ढिले होतात, तेव्हा चार स्क्रूंचा एकसंध बेस लावा. (मिशिगनला शिकारीला जाणाऱ्यांनी जपून. तिथल्या मर्यादित क्षेत्राच्या नियमात ब्रासची लांबी १.८० इंचांपर्यंतच होती, .४५-७० त्यात बसत नाही. त्या वर्षीची नियम-पुस्तिका बघा, माझ्यावर विसंबू नका.)

जुन्या बॅरली घेणाऱ्यांसाठी: कंटेंडर वॉरेन सेंटर यांनी केली, १९६७ पासूनची. तिच्या बॅरली एन्कोरवर बसत नाहीत आणि .३०८ सारखी काडतुसं त्या फ्रेमसाठी नाहीतच. थॉम्पसन सेंटर कंपनी २००७ मध्ये स्मिथ अँड वेसनकडे गेली, २०२१ मध्ये त्यांनी ती विकायला काढली, २०२४ मध्ये नवा मालक आला. या उलथापालथीत निरनिराळ्या काळातल्या बॅरली बाजारात फिरतायत, तेव्हा विकणाऱ्याच्या "कारखान्याची आजन्म हमी आहे" या वाक्यावर पैसे मोजू नका. आणि कुणी गन शोमधून एच अँड आरच्या हँडी-रायफलची सुटी बॅरल घ्यायला सुचवेल, तर नाही म्हणा. त्या बॅरली कारखान्यात फ्रेमला घासून बसवायच्या असत, उत्पादन २०१५ ला थांबलं, ती सोयही गेली.

कायद्याचं, कारण वाचणारे बरेच जण नव्याने आलेले आहेत. सुटी बॅरल केंद्रीय कायद्याने शस्त्र नाही, घरपोच येते. शस्त्र म्हणजे फ्रेम. पण दस्ता लावलेल्या फ्रेमवर १६ इंचांपेक्षा आखूड बॅरल चढवू नका, आणि एकूण लांबी २६ इंचांखाली जाऊ देऊ नका. थॉम्पसन सेंटरचाच कंटेंडरच्या किटवरून खटला १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. कंपनी जिंकली, पण तुमच्याकडे तेवढे वकील नाहीत. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. परवान्याची तारीख उलटली की अपवादही संपला, म्हणून नूतनीकरण विसरू नका आणि एकदा वकिलाला विचारा. आणि कृपा करून पुण्यातल्या कुणासाठी "नुसती नळीच तर आहे" म्हणून सामानात टाकून नेऊ नका. भारतीय शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रच, आणि इकडून बाहेर न्यायलाही परवाना लागतो.

यूट्यूबवरचे अर्ध्या इंचाचे ग्रुप बघून जीव जाळू नका. तीन गोळ्यांचा सगळ्यात चांगला कागद तेवढा दाखवतात. पाच गोळ्या दीड इंचात येत असतील तर ओहायोच्या जंगलात तुम्हाला आणखी काही नको.

फिलर गेजचे दोन्ही आकडे आणि उडवलेल्या ब्रासचा बुडाकडून काढलेला फोटो टाका, मग पिन की बॅरल ते बोलू. फोटोत फ्रेमचा नंबर झाका.